बसक्या देवाचं तोंड

सारजाबाईनं दाखवलेला फोटो मी आधी उलटा धरला होता. तिनं मोबाइल माझ्या हातात सरळ केला आणि म्हणाली, "हे बघ गोजाक्का. डोकंच ठिवलं न्हाय कुनी."

जुळे सोलापुरात आमच्या इमारतीखाली सिमेंटचा एक बाक आहे. पंधरा वर्षं आम्ही दोघी संध्याकाळच्या त्यावर बसतो. ती दवाखान्यात आया होती, मी अंगणवाडीत. सारजाबाई बौद्ध. त्यांचा सात बायकांचा गट आहे. पावसाळा सरला की एखादी पौर्णिमा धरून गाडी ठरवायची आणि लेणी बघायला जायचं, असा त्यांचा शिरस्ता. नावाजलेली लेणी त्यांना नकोत. "जितं तिकीट फाडत्यात तितं शांती न्हाय," हा सारजाबाईचा नियम. म्हणून त्या कुठल्या कुठल्या कपारींत जाऊन येतात. त्या वर्षी कार्तिकात भीमेच्या काठानं अक्कलकोटच्या पुढं, कर्नाटकात बऱ्याच आत गेल्या होत्या.

फोटोत मांडी घालून बसलेली मूर्ती होती. हात मांडीवर एकात एक. खांद्यावरून उतरलेली वस्त्राची कड अगदी स्पष्ट. आणि मानेवर नुसता मातकट गोळा.

"फोडलंय कुनीतरी," सारजाबाई म्हणाली. "फोडनाऱ्याचं हात झडू देत. आमच्यात असं बोलू न्हाय, पर बोलते."

मी माझे हात पदराखाली घेतले.

ती खांद्याची कड मी ओळखली होती. माझं माहेर धनगराचं. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादून आम्ही मेंढरं घेऊन नदीच्या काठाकाठानं खाली उतरायचो. मेंढ्या व्यायच्या बेताला त्या कपारीत मुक्काम पडायचा. आतल्या त्या मूर्तीला आम्ही 'बसका देव' म्हणायचो. कोण, कुठला, कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे देव उभे असतात नाही तर घोड्यावर असतात. हा एकटाच निवांत बसलेला, म्हणून बसका.

आमच्यात एक रीत होती. ज्याची पापणी लवत नाही त्यानं गाभण मेंढीकडं बघू नये. बघितलं तर मेंढी गाभ टाकते. दगडाची पापणी कशी लवणार? म्हणून मुक्कामाला पोचलं की आधी माती-शेणानं बसक्या देवाचं तोंड लिंपायचं, आणि मग मेंढरं आत घ्यायची. लिंपणारीनं स्वतःचेही डोळे मिटून घ्यायचे, नुसत्या हाताच्या अंदाजानं लिंपायचं. महिना-दीड महिन्यानं निघताना, मेंढरं आणि पोरं पुढं गेली की, घरातल्या बाईनं मागं थांबून ओल्या घोंगडीच्या तुकड्यानं ते तोंड धुवायचं, भंडारा लावायचा आणि मग निघायचं. आमच्या घरात ते काम आईचं होतं.

"सारजाबाई," मी म्हटलं, "फोडलं न्हाय ते. लिंपलंय. आमीच लिंपायचो."

तिनं माझ्याकडं बघितलं. मी रीत सांगितली, शेवटच्या वर्षी धुवायचं राहून गेलं असंही सांगितलं. त्यानंतर बहात्तरचा दुष्काळ पडला, मेंढरं विकली, वडील सोलापुरात हमालीला लागले आणि मी बारा-तेराव्या वर्षी पहिलीच्या वर्गात जाऊन बसले. तिकडं परत कुणी गेलंच नाही.

"म्हंजे तोंड हाय खाली?"

"असंल."

"असंल म्हनू नगंस. हाय म्हन."

"हाय," मी म्हणाले.

तिनं माझा हात एवढा घट्ट धरला की बांगडी रुतली. आठ दिवसांत गाडी ठरली. माघ पौर्णिमेला जायचं, गोजाक्कानं तोंड धुवायचं, आणि पन्नास वर्षांनी बुद्धाला पहिलं वंदन सात जणींनी करायचं. गटातल्या बायका मला जिन्यात थांबवून विचारायच्या, "कसं हाय वो तोंड? हसरं हाय का?" मी म्हणायचे, "बघाल की आता."

मी काय सांगणार? ते तोंड मी बघितलंच नव्हतं. आणि एक गोष्ट मी सारजाबाईला सांगितली नव्हती. ती आजवर कुणालाच सांगितली नव्हती.

शेवटच्या त्या वर्षी माझा भाऊ मायाप्पा कपारीखाली नदीकाठालाच, आमच्या पालात जन्मला. आता तो कुर्डुवाडीला रेल्वेत आहे. आई बाळंतपणात अडकली म्हणून लिंपायचं काम माझ्याकडं आलं. मी बारा वर्षांची. डोळे गच्च मिटून लिंपलं; बोटांना नाक लागलं, ओठ लागले. पण माती टिकेना. छतातून पाणी ठिबकायचं, रात्री वटवाघळं घासून जायची, सकाळी चाचपावं तर गालाची खपली पडलेली. दर वेळी बोलणी मला. जवळच्या गावात शाळेची भिंत बांधत होते, तिथं खड्ड्यात चुना विरवला होता. तो मी ओच्यात भरून आणला आणि मातीत मिसळला. मला वाटलं, केवढी हुशारी केली! मग खपली पडली नाही. निघायच्या दिवशी मात्र घोंगडी भिजवून भिजवून हात सोलले तरी ते लिंपण निघालं नाही. मी पळत पुढं गेले. आईनं घोड्यावरून, मायाप्पाला छातीशी धरून विचारलं, "धुतलंस?"

"धुतलं."

"मग बघितलंस न्हवं?"

"व्हय."

आई हसली. गालातल्या गालात, मी पहिल्यांदाच मोठी झाल्यासारखी. ते हसू मला आयुष्यभर टोचत राहिलं.

पुढं अंगणवाडीच्या इमारतीचं काम चाललं असताना मी गवंड्याला सहज विचारलं होतं, दगडावर बसलेला चुना काढता येतो का? तो म्हणाला, "बाई, जुना चुना दगड खातो, काढायला गेलं की दगडाचं पापुद्रं संगं येत्यात." त्या दिवसापासून मला वाटत होतं की त्या गोळ्याखाली आता नाक नाही, ओठ नाहीत, काही नाही. सारजाबाईनं ज्या हातांना शिव्या दिल्या, ते हात माझेच होते. आता ती माझ्या जिवावर सात जणींना घेऊन निघाली होती.

मुलगा, मल्हार, म्हणाला, "आई, स्वतःचा गुडघा बघ आणि ती नदी बघ." त्याची मुलगी पूनम म्हणाली, "मी जाते आज्जीबरोबर. परीक्षा झालीय माझी." तेवढ्यावर निभावलं.

पहाटे पाचला गाडीवाल्या जोतीरामची क्रूझर आली. मी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून घेतली होती, आणि एका पिशवीत जुन्या घोंगडीचे तुकडे. बायका पांढऱ्याशुभ्र साड्यांत. अक्कलकोट मागं पडलं तसे दुकानांवरचे फलक कानडी झाले, मग डांबर संपलं. पुढं दोन तास उसाच्या ट्रॅक्टरांनी पाडलेल्या चाकोऱ्यांतून गाडी चालली होती. जोतीराम दर खड्ड्याला म्हणायचा, "ह्यो शेवटचा." सारजाबाई म्हणाली, "जोतीराम, तुझं शेवटचं खड्डं मोजून माझी कंबर ग्येली." नदीच्या अलीकडचं जे गाव लागतं त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. लेण्याला अजून ना कुंपण आहे ना राखणदार. उगाच गर्दी व्हायची.

नदी बघून मी थबकले. माझ्या आठवणीतली नदी माघात गुडघाभर असायची, मेंढरं चालत पार व्हायची. आता खाली कुठंतरी बंधारा झाला होता आणि पाणी या काठापासून त्या काठापर्यंत शांत भरून होतं. आमची पायवाट, पालांची जागा, सगळं त्याच्या खाली. मी मनात वाट पाठ करून आले होते. ती आता माशांच्या उपयोगाची.

पार जायला हरगोल होता. टोपलीसारखी गोल होडी, खालून ताडपत्रीनं मढवलेली. मडिवाळप्पा नावाचा साठीचा माणूस ती चालवत होता.

"बर्री, कुंद्री," तो म्हणाला. या, बसा. "एका खेपंला चार. मध्ये बसायचं. हालायचं न्हाई."

"बुडंल का वो ही टोपली?" सारजाबाईनं विचारलं.

"बुडल्यावर सांगतो, अक्का."

"मला पवता येत न्हाय हां!"

"मलाबी न्हाई," मडिवाळप्पा वल्हं मारत म्हणाला.

सारजाबाईनं डोळे मिटले आणि पंचशील पुटपुटायला लागली. होडी संथ गिरक्या घेत चालली होती. कधी तो काठ समोर यायचा, कधी हा. पूनम माझ्या कानाशी म्हणाली, "आज्जी, भीती वाटतेय?" मी म्हटलं, "पाण्याची न्हाय."

पलीकडं वेड्या बाभळींचं रान माजलं होतं. मडिवाळप्पा पुढं, मागं आम्ही. कड्याला वळसा घातला आणि खडकात कोरलेल्या पायऱ्या दिसल्या. दोन खांब, त्यातला एक अर्धा. तिथून पुढं मला कुणी वाट दाखवायची गरज पडली नाही. आतल्या लहान खोल्यांत दगडी ओटे आहेत. मी म्हणाले, "हितं नवी कोकरं निजवायचो आमी. वारा लागत न्हाय."

"भिक्खूंच्या खाटंवर कोकरं?"

"व्हय."

सारजाबाईनं ओट्यावरून हात फिरवला. "बरं क्येलं. मोकळं ऱ्हान्यापरीस."

मूर्ती सगळ्यात आतल्या खोलीत आहे. आत वटवाघळांचा उग्र वास होता. पूनमनं मोबाइलचा उजेड धरला. मूर्तीच्या पायाशी एक कट्टा आहे, त्यावर चढून मी उभी राहिले. लहानपणी मला टाचा वर कराव्या लागल्या होत्या. लिंपणावर बोटांचे चार चार ओरखडे होते, वरून खाली, बारीक. मी त्यात माझी बोटं ठेवून बघितली. बसली नाहीत.

मी घोंगडीचे तुकडे भिजवून त्या गोळ्यावर दाबून बसवले. "आता तासभर हात लावायचा न्हाय," म्हणाले. लोकर पाणी धरून ठेवते, हळूहळू सोडते. माती आपणहून सुटते. बायकांनी बाहेर भाकरी सोडल्या. मडिवाळप्पाला चटणी तिखट लागली, त्यानं दोनदा मागून घेतली. बसक्या देवाचं तोंड आम्ही का झाकायचो ते मी त्याला सांगितलं.

तासानं तुकडे काढले. वरची माती चिखल होऊन उतरली. खाली पांढरट, टणक कवच तसंच्या तसं.

"अजून भिजवू," एक जण म्हणाली. पुन्हा भिजवलं, पुन्हा तेच. उन्हं कलायला लागली होती. मडिवाळप्पा म्हणाला, "अज्जी, आत काय न्हाई. आमच्या गावात समदे म्हणतात, तली इल्ल. डोकं न्हाई."

"हाय," सारजाबाई म्हणाली. "गोजाक्का म्हनती म्हंजे हाय. माती वाळून दगड झालीया, एवढंच. तुमचं खुरपं द्या बघू हिकडं." तिनं त्याच्या कमरेचं खुरपं घेतलं, पदर खोचला आणि कट्ट्यावर चढली.

तिचा हात वर गेला तेव्हा मी तिचं मनगट धरलं.

"नगं. माती न्हाय ती. चुना हाय."

"काय?"

"चुना. मी घातला. माती पडायची म्हनून. निघताना निघंना, तवा तसंच टाकून पळाले. आईला सांगितलं धुतलं म्हनून." माझा आवाज त्या खोलीत मलाच मोठा वाटला. "खरवडलंस तर दगड संगं यील. तोंड असलं तर त्येबी जाईल. हाय का न्हाय, मला ठावं न्हाय सारजाबाई. मी बघितलंच न्हाय कवा."

सारजाबाई कट्ट्यावरून उतरली, खुरपं मडिवाळप्पाच्या हातात दिलं आणि बाहेर निघून गेली. बाकीच्या बायका माझ्याकडं न बघता तिच्या मागं गेल्या. पूनम तेवढी राहिली.

थोड्या वेळानं मी बाहेर आले. सारजाबाई पायरीवर नदीकडं तोंड करून बसली होती. मी दोन पायऱ्या वर बसले.

"त्या दिशी बाकावर मी शिव्या दिल्या," ती म्हणाली. "तू शेजारी बसून ऐकत हुतीस."

"व्हय."

"तवा का न्हाय बोललीस?"

"तू हात झडू दे म्हनालीस."

तिनं खोचलेला पदर सोडला. मग म्हणाली, "किती वर्सांची हुतीस?"

"बारा."

"बारा वर्सांच्या पोरीला भ्या दावून डोळं मिटाया लावायचं, अन् वरनं म्हनायचं काम नीट कर." तिनं नाकातून जोरात श्वास सोडला. "झडू देत म्हनाले ते मागं घेते. पर माझा राग काय आजच जायचा न्हाय, सांगून ठिवते."

"ऱ्हाऊ दे की. जाईल तवा जाईल."

"ऊठ आता. तुझ्या हातचं लिंपन हाय, तुलाच ठावं कसं काडायचं. उगं बसून काय व्हनार?"

आत जाता जाता मला गवंड्याची एक सवय आठवली. भिंतीचा गिलावा तो आधी बोटाच्या पेरानं वाजवून बघायचा. सुटलेला असला तर पोकळ आवाज येतो. मी कट्ट्यावर चढले आणि उजव्या गालापासून वाजवायला लागले. टक्, टक्. भरीव. कपाळ भरीव. हनुवटी भरीव. डाव्या डोळ्यापाशी आले आणि आवाज बदलला. मडक्यासारखा. मी पुन्हा वाजवलं. सारजाबाई खालून म्हणाली, "ऐकलं मी. तितंच."

तेवढ्याच जागेच्या कडेला ओली लोकर धरली, पाणी आत मुरू दिलं. नखानं कड चाचपली. दुसरा हात पदर पसरून खाली. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग काहीतरी आपणहून हललं आणि नारळाच्या करवंटीएवढा तुकडा पदरात आला.

पूनमनं उजेड वर केला. डावा डोळा, गालाचा उंचवटा आणि नाकाची एक बाजू. दगड गुळगुळीत, जसा कालच घासला असावा. कुठंही पापुद्रा गेला नव्हता.

सारजाबाईनं हात जोडले.

मडिवाळप्पा पुढं वाकून बघत होता. "अज्जी," तो म्हणाला, "तुम्ही म्हणालात पापणी लवत न्हाई म्हणून झाकायचो. ही पापणी तर मिटलेलीच की!"

खरंच होतं. पापणी जवळजवळ मिटलेली होती. खाली, स्वतःच्या हातांकडं नजर. तो कुठल्याच मेंढीकडं बघत नव्हता, कधीही बघितलं नसणार. किती पिढ्या आम्ही भीत होतो, डोळे गच्च मिटून लिंपत होतो.

आणि आई दर वर्षी मागं राहून, एकटी, हे तोंड धुवत होती. तिनं ही पापणी बघितली होती. तिला ठाऊक होतं. तरी रीत तिनं मोडली नाही आणि कुणाला काही सांगितलंही नाही. "बघितलंस न्हवं?" म्हणून ती का हसली ते मला तिथं, सदुसष्टाव्या वर्षी, त्याच कट्ट्यावर उभं राहून कळलं. तिला वाटलं असणार, आता आपल्या दोघींना ठाऊक आहे.

मी पदरातला तुकडा उलटा केला. आतल्या बाजूला त्या पापणीचा ठसा होता, खोलगट.

"अजून काडू," एक बाई म्हणाली. माझा हात आधीच नाकाकडं गेला होता. पण नाकावर आवाज भरीव येत होता.

"बास," सारजाबाई म्हणाली. "जेवडं सुटलं तेवडंच आपलं. ऱ्हायलेलं ज्यांना कळतं ते काडतील. पूनम, फोटू घे. चांगला घे, थरथरू नगं."

पूनमनं वेगवेगळ्या बाजूंनी चार-पाच फोटो घेतले.

तुकडा आम्ही मूर्तीच्या पायाशी, कोरड्या जागी ठेवला. बायका समोर बसल्या, मेणबत्त्या लागल्या. त्यांचं वंदन मला येत नाही. मी मागं बसणार होते, पण सारजाबाईनं माझ्याकडं न बघता शेजारची जागा हातानं झाडली. तिथं बसले.

परत आल्यावर पूनमच्या सांगण्यावरून पुराणवस्तूंच्या खात्याला अर्ज लिहिला. अक्षर माझंच. सारजाबाई शेजारी बसून वाचत होती. मी 'अज्ञात कारणाने लिंपण झाले आहे' असं लिहायला लागले तेव्हा तिनं पेन धरलं. "अद्न्यात कोन? नाव घाल." मी नाव घातलं, वर्ष घातलं, चुन्याचंही लिहिलं. पाकीट टपालपेटीत टाकताना वाटलं, आता पोलीस येतात की काय.

पोलीस आले नाहीत. महिन्यानं फोन आला. खात्यातला तरुण साहेब होता, बिरुदेव नावाचा; आवाजावरून आमच्याच बाजूचा वाटला. त्यानं रागाचा एक शब्द काढला नाही. त्याला निराळंच हवं होतं.

"आजी, चुना किती होता आणि माती किती? अंदाज सांगा. त्यावर आमचं औषध ठरतं."

मी डोळे मिटले. खड्ड्याच्या कडेला मी उकिडवी बसलेली दिसले.

"माती पाटीभर," मी म्हणाले. "चुना दोन ओंजळी. पर ओंजळ बारा वर्सांच्या पोरीची धरा."

तो लिहून घेत असावा, थोडा वेळ नुसता कागदाचा आवाज आला. "मग चुना कमी आहे," तो म्हणाला. "निघेल आजी. वेळ लागेल, पण निघेल. चैत्रात पाणी उतरलं की आम्ही जातोय. तुम्हाला यावं लागेल, कुठं किती जाड आहे ते तुम्हीच सांगायचं."

मी खाली बाकावर जाऊन सारजाबाईला सांगितलं. तिनं लगेच विचारलं, "आनि मी?"

"तुझं नाव न्हाय घेतलं त्यानं."

"मग त्याला फोन लाव अन् सांग, गोजाबाई एकटी येत न्हाय. तिला होडीची भीती वाटती."